दोन तासांच्या आतला जावई

मास्तर जन्मात कधी विमानात बसले नव्हते आणि विमानाबद्दल त्यांना ठाऊक नाही अशी एकही गोष्ट जगात नव्हती.

विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं शिवणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. डोक्यावरून दिवसभर विमानं घरघरत जायची. मास्तर पँटीला टीप मारता मारता, मान वर न करता, गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे लांब पल्ल्याचं. पोट भरलेलं आहे, आवाज ऐका ना जरा." गिऱ्हाईक बिचारं तोंड वासून छताकडे बघायचं आणि तेवढ्यात मास्तर त्याच्या पँटीची उंची दोन बोटं चुकवायचे.

आतल्या खोलीत मास्तरीणबाई हे सगळं ऐकत सुयांत दोरे ओवत बसायच्या. रोज सकाळी डझनभर सुया ओवून सुयांच्या इवल्या गादीला टोचून ठेवणं हे त्यांचं काम. मास्तरांना सुईचं नेढं दिसेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. लांबचंही काही धड दिसत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर कुत्रं बसलंय की गोणी पडलीय हे त्यांना ती चीज उठून चालायला लागल्यावर कळायचं. पण चष्म्याचं नाव काढायची सोय नव्हती. "चष्मा कमकुवत माणसाला," असं म्हणून ते गादीवरची ओवलेली सुई उचलायचे आणि ती आपण स्वतःच ओवल्यासारखी उजेडात धरून बघायचे. मास्तरीणबाई त्या वेळी भिंतीकडे बघायच्या. इतक्या वर्षांत त्या भिंतीचे पोपडेही त्यांना पाठ झाले होते.

तर या मास्तरांनी एकदा, कुणाच्या तरी लग्नात, चारचौघांत एक आण घेतली. झालं असं की त्यांचा एक चुलतभाऊ मांडवात सांगत सुटला होता, की त्याची मुलगी अशी काही लांब दिलीय, की विमानालासुद्धा अकरा तास लागतात. मांडवातली माणसं माना डोलवू लागली. दुसऱ्यासाठी डोललेली मान मास्तरांना कधी सहन झाली नाही. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी माझी मुलगी विमानाने दोन तासांच्या पलीकडे देणार नाही. सकाळी आठवण आली, तर दुपारच्या जेवणाला लेक पानावर पाहिजे!"

माना मास्तरांच्या बाजूने डोलल्या. एका म्हातारीने तर डोळे पुसले. झालं! त्या डोललेल्या मानांपायी ते दोन तास मास्तरांच्या डोक्यात असे बसले, की देवाने येऊन सांगितलं असतं तरी त्यांनी त्याला तास मोजून दाखवले असते. लेक तेव्हा शाळेत होती. विमानाचं तिकीट सोडा, घरात विमानाचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

पुढे लेक शिकली, इस्पितळात डोळे तपासायच्या कामाला लागली, शिक्षणासाठी म्हणून दुसऱ्या एका शहरात महिनाभर राहून आली आणि तिथल्या एका चष्मेवाल्याशी लग्न ठरवून आली.

"चष्मेवाला?" मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटावं, लेकीने दरोडेखोर आणलाय.

"चांगलं दुकान आहे त्याचं, बाबा. काचा स्वतः घासतो."

"आणि राहतो कुठे?"

लेकीने शहराचं नाव सांगितलं आणि हसून पुढे म्हणाली, "विमानाने पावणेदोन तास, बाबा. तुमच्या दोन तासांच्या आत आहे. मी आधी बघून घेतलं आणि मगच त्याच्याकडे नीट बघितलं."

दुसरा कुणी बाप असता तर त्याने इथेच मिठी मारली असती. पण 'मी आधी बघून घेतलं' हे वाक्य मास्तरांना झोंबलं. विमानाचं अंतर या घरात दुसऱ्या कुणी बघायचं म्हणजे काय! ते म्हणाले, "वेळापत्रकातलं नको सांगू मला. वेळापत्रक छापणारा विमानात बसलेला असतो का? मी विजारीवरून काढतो."

हे विजारीचं प्रकरण गल्लीबाहेर कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांकडे एक गिऱ्हाईक यायचं. निळी विजार, पांढरा सदरा, खांद्यावर पट्टी. मास्तर त्याला कप्तानसाहेब म्हणायचे. या साहेबाची विजार मागच्या बाजूने झिजून चकचकीत व्हायची आणि दर वेळी तिथे आतून कापड लावावं लागायचं. त्या चकाकीवरून मास्तरांनी शास्त्र काढलं होतं. जितकं लांब उड्डाण, तितकं जास्त बसणं. जितकं बसणं, तितकी चकाकी. चकाकी बोटाने चाचपून ते तास सांगायचे. आणि हा साहेब, मास्तरांच्या पक्क्या माहितीप्रमाणे, नेमका त्या चष्मेवाल्याच्या शहराचंच विमान चालवायचा, कारण एकदा विजार बदलताना त्याच्या तोंडून त्या शहराचं नाव निघालं होतं.

मास्तरांनी साहेबाची दुरुस्तीला आलेली विजार आतून मागवली. दारात उभं राहून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"तीन तास. कमी नाही. जमणार नाही."

"अहो, कुणाच्या तरी बुडाच्या झिजेवर पोरीचं लग्न मोडता?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बुडाच्या नाही. अनुभवाच्या."

लेक मात्र बापाची लेक होती. ओरडली नाही, रडली नाही, पळूनही गेली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि त्याच्याशी नाही तर कुणाशीच करणार नाही." हे बोलून ती कामाला गेली. मास्तरीणबाईंनी पुढची सुई उचलली. या घरात असं बोललेलं पाळलं जातं, हीच तर या घराची रड होती. एक जण दोन तासांवर अडून बसलेला, दुसरी एका माणसावर. आणि मधे आपण, सुया ओवत.

चष्मेवाल्याच्या घरचे सालस निघाले. त्यांनी दोन तिकिटं पाठवली आणि निरोप दिला: या, घर बघा, माणसं बघा आणि रविवारी होय की नाही ते तोंडावर सांगा. नाही म्हणालात तर आम्ही राग धरणार नाही, पण मग मुलालाही ताटकळत ठेवणार नाही.

मास्तर एका पायावर तयार झाले. "चला! प्रत्यक्षच मोजतो. मग तर कुणी बोलणार नाही ना? दोन तासांच्या वर एक मिनिट जरी गेलं, तर रविवारी माझं उत्तर नाही."

"आणि आत बसलं तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बसणार नाही," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी मास्तर स्वतःच शिवलेला कोट घालून निघाले. एक बाही दुसरीपेक्षा थोडी घरंदाज होती, म्हणजे हात झाकून घेणारी. गळ्यात नेहमीची मापाची टेप होती. ती काढा म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर गळ्यातलं काढतो का?"

विमानतळाच्या दारातून आत शिरेपर्यंत मास्तर बायकोला शिकवत होते. आत शिरल्यावर गप्प झाले. एवढी मोठी खोली त्यांनी पाहिली नव्हती. रांगेत उभं राहून ते पुढे पुढे सरकले, आणि बॅगांना चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलामागे, फिरत्या खुर्चीवर, कोण बसलं होतं? कप्तानसाहेब. निळी विजार, पांढरा सदरा, खांद्यावर पट्टी.

"अरे मास्तर! तुम्ही कुठे?" तो बसल्या बसल्याच म्हणाला.

"साहेब, तुम्ही इथे? आज उड्डाण नाही?"

"उड्डाण?" साहेब हसला. "मास्तर, मला उंचीची भीती वाटते. मी गच्चीवरसुद्धा जात नाही. बारा वर्षं झाली, मी या खुर्चीवरच."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. लाज वाटायला माणसाच्या मनात तेवढी जागा तरी असावी लागते. मास्तर काउंटरवरून पुढे सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "विनय बघ माणसाचा! चारचौघांत सांगत नाहीत. मोठी माणसं अशीच असतात."

या माणसाला सत्य दाखवून उपयोग नाही, हे मास्तरीणबाईंना आज नव्याने कळलं नव्हतं. पण आज पहिल्यांदा असं वाटलं, की सत्य दाखवून भागत नसेल तर त्याला त्यात बुडवायला हवं.

विमानात मास्तरांना खिडकी मिळाली. विमान पळायला लागलं तशी त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात असे पकडले, की खुर्ची विमानातून उपटून निघावी. मग कोटाच्या खिशातून त्यांनी खांद्यात भरायचा कापूस काढला, चांगले दोन बोळे केले आणि कानांत कोंबले. "लांबच्या प्रवासात कान फुटतात," ते गरजले. आपण ओरडतोय हे त्यांना ऐकू येत नव्हतं. चार ओळींतली माणसं मागे वळून बघू लागली. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ नाकाला लावून वेळ बघितली, खिडकीची झडप ओढून घेतली आणि डोळे गच्च मिटले. आकाशातला हा महापंडित आकाशात गेल्यापासून एकदाही आकाशाकडे बघायला तयार नव्हता.

मास्तरीणबाई खिडकीकडे मान लांब करून बघत राहिल्या. पण झडप बंद. मग त्यांनी चहा घेतला. चहा चांगला होता. नवऱ्याच्या वाटचाही घेतला.

पोचायची वेळ होत आली तेव्हा छतातून आवाज आला. त्या शहरावर दाट धुकं आहे, खाली काही दिसत नाही, आपण वर घिरट्या घालत थांबतोय. मास्तरीणबाईंनी बाजूला बघितलं. मास्तर डोळे मिटून बसले होते, कानांत बोळे. विमान एका बाजूला कललं आणि तसंच कललेलं राहिलं. घाण्याच्या बैलासारखं ते फिरत होतं. मास्तरांनी एक डोळा किलकिला करून घड्याळ नाकाला लावलं. त्यांच्या तोंडावर जे हसू फुटलं, ते मास्तरीणबाईंनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"गेले!" ते ओरडले. "दोन तास गेले! काय म्हणालो होतो मी?"

पुढचा माणूस वळून म्हणाला, "काका, सगळ्यांचेच गेलेत."

मास्तरांना ते ऐकू आलं नाही. लेकीचं लग्न त्या धुक्यात विरघळून चाललं होतं. खाली शहर होतं, पोचल्यासारखंच होतं, आणि हा माणूस वर बसून मिनिटं जमवत होता.

तेवढ्यात छतातून पुन्हा आवाज आला. धुकं हटत नाही. इंधन बेताचं आहे. आपण जिथून निघालो, तिथेच परत जातोय.

विमानभर ओरडा झाला. कुणाची मीटिंग, कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाची सासू. मास्तर डोळे मिटून गालात हसत होते. आणि मास्तरीणबाई, ज्यांनी वर्षानुवर्षं भिंतीकडे बघून दिवस काढले होते, त्यांनी पहिल्यांदा मान वळवून नवऱ्याकडे सरळ, पुरतं, मन लावून बघितलं. त्याला हलवून सांगावं म्हणून उचललेला हात त्यांनी पुन्हा मांडीवर ठेवला.

विमान उतरलं. मास्तरांनी कानांतले बोळे काढले, घड्याळ बघितलं आणि छाती फुगवून म्हणाले, "चार! विजार तर तीनच म्हणत होती. विजारसुद्धा चष्मेवाल्याच्या बाजूने बोलत होती!"

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

उतरणाऱ्यांची वाट वेगळी आणि चढणाऱ्यांची वेगळी, हे मास्तरांना कुठून ठाऊक असणार? आयुष्यभर ते विमानतळाच्या पाठीशी राहिले. त्याचं हे तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या पाट्या त्यांना रंगीत ढगांसारख्या दिसत होत्या. काउंटरवर परत आलेली माणसं हमरीतुमरीवर आली होती. मास्तरांनी लांबूनच त्या भांडणाचा गलका ऐकला. म्हणाले, "बघ. पाऊल टाकत नाही तोच. काय भांडकुदळ गाव आहे हे! असल्या गावात मुलगी द्यायची?"

"बघतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेतली, बाहेर येऊन टॅक्सीवाल्याला हलक्या आवाजात पत्ता सांगितला आणि नवऱ्याला मागे बसवलं.

मग काय विचारता! मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघत त्या गावाचं असं काही धुणं धुतलं, की गावाला ऐकू आलं असतं तर ते उठून दुसरीकडे गेलं असतं. रस्ता म्हणजे पोटदुखी. धूळ तर अशी, की इथल्या माणसांची फुप्फुसं झाडून काढावी लागत असतील. माणसांना चालायची अक्कल नाही. झाडांना वाढायची नाही.

"आमच्याकडे हवा बघ कशी," ते म्हणाले. "श्वास घेतला की पोट भरतं. इथे नाक धरावं लागतं."

"काका नवीन वाटतं इथे?" टॅक्सीवाला आरशात बघत म्हणाला.

"नवीन आणि शेवटचे," मास्तर म्हणाले. मग त्यांची नजर टॅक्सीवाल्याच्या मानेवर गेली. ती हातभर अंतरावर होती, म्हणून दिसली. "काय रे, ही कॉलर कुणी शिवली?"

"का हो?"

"एक कान उभा, एक कान झोपलेला. मानेवर कॉलर आहे की मांजर बसलंय? खांदा बघ, पाठीवर उतरलाय. ज्याने हा सदरा शिवला त्याच्या हातातली कात्री काढून घ्यायला पाहिजे. या गावात शिंपी आहेत की लोहार?"

टॅक्सीवाला खूश झाला. दुःखात साथ देणारा भेटला की माणूस खुलतोच. "अहो काका, काय सांगू! सासऱ्याने माझ्यासाठी शिवून घेतला. इथलाच एक मास्तर आहे म्हणे, फार नावाजलेला. इस्त्री केली की अजून वाकडा होतो. बायको म्हणते, बाबांनी दिलाय, घाला. घालतो. सगळे स्टँडवरचे मला मोडका कान म्हणतात."

"तू गेला नाहीस त्याच्याकडे?"

"गेलो की. दुकानात कुणी तरी गिऱ्हाईक होतं. हा मास्तर त्याला विमानाच्या गोष्टी सांगत होता. मान वर करून बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. म्हणाला, कॉलर बरोबर आहे, मान वाकडी आहे."

मास्तर हसायचे थांबले. कुठे तरी काही तरी टोचलं असावं, पण कुठे ते त्यांना कळेना. मास्तरीणबाईंनी पदर तोंडावर धरला होता. त्यांचे खांदे हलत होते.

"तुमचा पत्ता आला, मावशी," टॅक्सीवाला गाडी थांबवत म्हणाला. "आणि गंमत बघा. हेच त्याचं दुकान!"

मास्तर खाली उतरले. दाराच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी पाटीला नाक लावलं. मग पायरीला हात लावला. मग कडीला. घराची कडी माणसाला डोळे नसले तरी ओळखू येते.

टॅक्सीवाल्याने गळ्यातली टेप बघितली, दुकान बघितलं, पुन्हा टेप बघितली आणि आपल्या कॉलरला हात लावून गाडी अशी पळवली, की भाडंसुद्धा घ्यायला थांबला नाही.

मास्तर पायरीवर उभे होते. "अगं," ते म्हणाले, "हे... हे तर आपलं घर."

"हो. धुकं होतं तिकडे. विमान परत आलं. सगळ्या विमानाला सांगितलं, तुमच्या कानात कापूस होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही मोजत होतात ना! मधे कशाला बोलू?" बाई पायरी चढून त्यांच्या समोर आल्या. "मला आता एक सांगा. आपण सकाळी इथून निघालो आणि इथेच उतरलो. वेळ किती लागला?"

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पुन्हा नाकाला लावलं.

"चार तास, तुमच्याच घड्याळाप्रमाणे. म्हणजे आपलं घर आपल्याच घरापासून चार तासांवर आहे. तुमच्या आणेप्रमाणे पोरीला शेजारच्या खोलीतसुद्धा ठेवता येणार नाही. आणि हे गाव तर तुम्हाला आजच कळलं, भांडकुदळ आहे, नाक धरावं लागतं, शिंपी लोहार आहेत. या गावात ठेवायची पोरगी? का तिला घेऊन मधेच कुठे तरी घिरट्या घालू?"

आतून दार उघडलं. लेक उभी होती. सकाळपासून ती फोनजवळ बसलेली असावी. केस तसेच, चहाचा कप तसाच. तिने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. इतक्या लवकर परत आलेले आईबाप, तेही असे तोंड पाडून. तिने समजायचं ते समजून घेतलं. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली आणि कप उचलून आत वळली.

"थांब!" मास्तर ओरडले.

लेक दारातच थबकली.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. पंचाईत अशी होती, की सगळं आयुष्य बरोबर असलेल्या माणसाला चुकायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. शेवटी ते खाकरले. "चष्मेवाल्याला फोन लाव. सांग, आम्ही सखोल पाहणी केली. अंतर... अंतर मंजूर आहे."

लेकीच्या हातातला कप खाली पडला. मास्तरांना तो दिसला नाही; त्यांनी त्यावरच पाय ठेवला.

लग्न झालं. चुलतभावाच्या शेजारी बसून मास्तरांनी मांडवात जाहीर केलं, की दोन तासांची अट ही जुनी पद्धत होती, आपण स्वतः आकाशात जाऊन, धुक्यात घिरट्या घालून ती शास्त्रशुद्ध रीतीने रद्द केली. माना डोलल्या. मास्तरीणबाईंनी डोलणाऱ्या माना बघितल्या आणि भिंत शोधली. मांडवाला भिंत नव्हती.

जावयाने सासऱ्याला पहिली भेट म्हणून स्वतः काचा घासून चष्मा दिला. लेकीने बळेच डोळे तपासून नंबर काढला होता. चष्मा लावून मास्तर दुकानाच्या दारात आले. गल्ली त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लख्ख दिसली. आणि गल्लीभर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मानेवर, त्यांनी शिवलेल्या कॉलरी दिसल्या. एक कान उभा, एक कान झोपलेला.

मग चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला आणि आत वळून बायकोला म्हणाले,

"पोरगा चांगला आहे गं. पण काच वाकडी घासतो."